कापून टाकलेले चार सेकंद

२०२४ च्या फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत माझ्या मोडी वाचायला शिकवणाऱ्या यूट्यूब चॅनेलवर एकही नवीन व्हिडिओ आला नाही. त्या वेळी ज्यांनी विचारलं त्यांना मी सांगितलं की मुलाची दहावी आहे, दुकानात मार्चचं काम आहे, जरा वेळ मिळत नाहीये. दहावी पण खरी होती आणि मार्चचं काम पण खरं होतं, पण व्हिडिओ न येण्याचं कारण ते नव्हतं. मी फोन वर लावायचे, कागद खाली ठेवायचे, लाइट नीट करायचे आणि लाल बटणाकडं बोट नेलं की पोटात असा गोळा यायचा की परत सगळं आवरून ठेवायचे. असे कितीतरी रविवार गेले. आता काम परत व्यवस्थित सुरू आहे म्हणून हे सगळं लिहून काढतेय, कारण चॅनेल चालवणाऱ्या दोन-तीन मैत्रिणींशी बोलताना कळलं की त्या पण ह्याच्यातनंच चालल्यात आणि प्रत्येकीला वाटतंय की हे फक्त आपल्यालाच होतं.

आमचं वाईत झेरॉक्स आणि टायपिंगचं छोटं दुकान आहे, कचेरीच्या रस्त्यालाच. सातबारा, फेरफार, प्रतिज्ञापत्र, वाटणीपत्राचा मसुदा असली कामं. मी बी.कॉम. झालेय, इतिहासाशी माझा संबंध शाळेत होता तेवढाच. पण झेरॉक्सला येणाऱ्या लोकांच्या पिशवीतनं कधी कधी पिवळे पडलेले, घडीवर फाटलेले कागद निघायचे आणि लोक म्हणायचे, ताई हे काय लिहिलंय बघा की. मोडी होती ती, मराठीची जुनी लिपी. मी बघायचे आणि म्हणायचे, नाही हो येत मला. असं दहा-बारा वेळा झाल्यावर लाज वाटायला लागली, आपल्याच गावचे आपल्याच भाषेतले कागद आणि आपल्याला अक्षर लागत नाही. मग २०१९ च्या दिवाळीच्या सुट्टीत दहा दिवसांचा मोडीचा वर्ग केला.

ज्यांनी मोडी बघितली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण पुढचं सगळं ह्याच्यावरच आहे. मोडीत आधी अख्ख्या ओळीवर शिरोरेघ मारून घेतात आणि मग तिच्याखाली अक्षरं लटकवत जातात, बोरू होता होईल तेवढा कमी उचलायचा. दोन शब्दांच्या मधे जागा सोडत नाहीत. पूर्णविराम नाही, स्वल्पविराम नाही. वेलांटी सगळीकडे दुसरी आणि उकार सगळीकडे पहिला. काना लागला की काही अक्षरांचं रूपच बदलतं. वर परत संक्षेप, म्हणजे 'रा।' लिहिलं की राजश्री समजायचं. म्हणजे मोडी वाचणं हे देवनागरी वाचण्यासारखं नाही, एक शब्द कुठं संपतो आणि दुसरा कुठं सुरू होतो हे पण वाचणाऱ्यानं ठरवायचं असतं. आमचे सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते की लिप्यंतर करताना जिथं शंका असेल तिथं कंसात प्रश्नचिन्ह टाकायचं आणि पुढं जायचं, अंदाज ठोकून द्यायचा नाही. ते मी वहीत लिहून घेतलं होतं. वहीत प्रश्नचिन्ह टाकत पण होते. व्हिडिओत मात्र कधी टाकलं नाही, पण ते पुढं येईलच.

चॅनेल २०२१ च्या लॉकडाऊनमधे सुरू केलं. दुकान बंद, हातात वेळ, आणि वर्गातलं विसरायला होत होतं म्हणून म्हणलं रोज थोडं वाचून रेकॉर्ड करून ठेवावं. पहिला व्हिडिओ मेणवलीच्या घाटावर जाऊन केला, मागं वाडा दिसेल, छान वाटेल असं वाटलं होतं, पण वाऱ्याच्या आवाजात माझं एक वाक्य धड ऐकू येईना. मग घरातच, खिडकीशी टेबल, ए-फोर कागदाच्या रिमांचे दोन ढीग, त्यांच्यावर आडवी स्टीलची पट्टी आणि पट्टीवर पालथा फोन. खाली कागद आणि माझा हात. चेहरा मी दाखवला नाही आणि अजूनही दाखवत नाही.

शंका पहिल्या दिवसापासनं होतीच. मी कोण लागून गेले लोकांना मोडी शिकवणारी? ह्या विषयात पन्नास-पन्नास वर्षं घातलेली माणसं पुण्यात आहेत, भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासनं काम करतंय, पेशवे दफ्तरात रुमालात बांधलेल्या कागदांची थप्पीच्या थप्पी आहे आणि ते वाचणारी माणसं आहेत, आणि इथं मी दहा दिवसांचा वर्ग करून बोलतेय. दुसरं म्हणजे बोलणं. माझं माहेर खटाव तालुक्यातलं, माझा ण सगळीकडे ण येत नाही, घाईत बोलले की 'पानी' येतं, 'कोन' येतं. तिसऱ्याच व्हिडिओखाली एकानं लिहिलं होतं, आधी स्वतःची भाषा सुधारा मग लिपी शिकवा. त्यानंतर मी एकेक वाक्य परत परत रेकॉर्ड करायला लागले, एकदा तर 'मोकदमाने पाटीलपणाचे वतन' एवढं एक वाक्य सतरा वेळा.

आणि इथनं एडिटिंगचं सुरू झालं. सव्वीस-सत्तावीस मिनिटं रेकॉर्डिंग व्हायचं आणि व्हिडिओ व्हायचा सहा मिनिटांचा. मधली वीस मिनिटं काय होती? तर मी अडकलेली. शब्दावर थांबलेली, परत ओळीच्या सुरुवातीला गेलेली, वहीत बाराखडी बघितलेली, सरांना फोन लावलेला, चुकीचं वाचून परत बरोबर केलेलं. ते सगळं मी फोनवरच्या अॅपमधे कापून टाकायचे. राहायचं काय तर एक हात ओळीवरनं सरसर पुढं जातोय आणि एक बाई न अडखळता वाचतेय. लोक लिहायचे, ताई किती सहज वाचता तुम्ही. ते वाचून आनंद व्हायच्या ऐवजी छातीत धस्स व्हायचं, कारण सहज वाचणारी ती बाई मी नव्हतेच, मला माहिती होतं काय काय कापलंय ते. जेवढं कौतुक जास्त तेवढी भीती जास्त, की एक दिवस कोणीतरी समोर नवा कागद ठेवणार, म्हणणार वाचा, आणि सगळं उघडं पडणार.

तरी चॅनेल वाढत गेलं. सगळ्यात जास्त चाललेला व्हिडिओ तारखांचा होता. जुन्या कागदात साल आकड्यात नसतं, अरबी शब्दात असतं, 'समान सबैन मया व अलफ' असं. समान म्हणजे आठ, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार, मिळून ११७८, आणि ह्या शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन, म्हणजे १७७७-७८. हे एवढं कळलं की माणसाला आपल्या घरातल्या कागदाचं वय कळतं, त्यामुळं लोक तो व्हिडिओ एकमेकांना पाठवत राहिले. त्याच्या जोरावर जाहिरातीचे पैसे मिळायला लागणारे एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षात लोकांनी बघितलेले चार हजार तास पूर्ण झाले, पत्त्याची खात्री करायला गूगलचा पिन पोस्टानं आला, पोस्टमनकाका स्वतः आत येऊन देऊन गेले. तो लिफाफा माझ्या सासूबाईंनी देवाजवळ ठेवला होता.

मग २०२३ चा सप्टेंबर आला. कुणबी नोंदी शोधायला सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि हळूहळू अख्ख्या महाराष्ट्रात मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. जन्म-मृत्यूचं रजिस्टर, कोतवाल बुक, जुनी पाहणीपत्रकं, सगळ्यांचे फोटो माझ्या व्हॉट्सअॅपवर यायला लागले. दिवसाला तीस-चाळीस. लोक रात्री अकराला फोन करायचे, ताई एवढा एकच रकाना बघा, पोराच्या अॅडमिशनचं आहे. मी सगळ्यांना सांगायचे की माझ्या वाचण्याला सरकारी किंमत नाही, तुम्हाला अधिकृत मोडी वाचकाकडनंच लिप्यंतर करून घ्यावं लागेल, तरी लोक म्हणायचे, ते करू, पण तुम्ही आधी सांगा आहे का नाही. एखाद्या घराचा जीव टांगणीला लागलेला असताना धूसर फोटोतल्या एका अक्षरावर हो किंवा नाही म्हणायचं, ह्याचं ओझं काय असतं ते मला तेव्हा कळलं. तोपर्यंत माझी शंका माझ्यापुरती होती, लोक हसतील एवढीच. आता ती दुसऱ्याच्या घरापर्यंत गेली.

फेब्रुवारीत जे झालं ते असं. एका कुटुंबानं त्यांचा जुना इनामाचा कागद दिला होता, व्हिडिओ करायला परवानगी पण दिली होती. त्यात जमिनीची मोजणी होती, बिघ्यांमधे. मी वाचलं 'बिघे सात' आणि म्हणाले की इथं वाक्य संपलं. सातच्या पुढं दोन उभ्या रेघा होत्या. माझ्या डोळ्याला पोथीची सवय, पोथीत श्लोक संपला की दोन उभे दंड असतात, मी ते तसंच घेतलं. व्हिडिओ टाकला रात्री नऊला. पावणेबाराला कमेंट आली. "मोडीत पूर्णविराम नसतो. आकड्यापुढच्या दोन उभ्या रेघा म्हणजे अर्धा. ते साडेसात बिघे आहे. लोकांच्या जमिनीच्या कागदांशी खेळू नका."

मी ती कमेंट वाचली आणि मला लगेच कळलं की ते बरोबर आहेत. वादच नव्हता. एक रेघ पाव, दोन रेघा अर्धा, तीन रेघा पाऊण, हे मी स्वतः दुसऱ्या एका व्हिडिओत शिकवलं होतं, पैशांच्या हिशोबाच्या. तिथं रुपयापुढं होतं म्हणून दिसलं, इथं बिघ्यापुढं आलं तर दिसलं नाही. रात्री बारा वाजता मी तो व्हिडिओ काढून टाकला. आधी प्रायव्हेट केला, मग वाटलं तरी कोणाला दिसत असेल, म्हणून डिलीटच केला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरी फोन केला, आवाज कापत होता माझा, सांगितलं की दादा मी चुकीचं वाचलं, सात नाही साडेसात. ते म्हणाले, "अहो ताई, ती जमीन कुळकायद्यात कधीच गेली, आजोबांच्या वेळी. आम्ही नुसतं पूर्वजाचं नाव बघत होतो." म्हणजे कोणाचं काही नुकसान झालं नव्हतं. पण मला त्यानं हलकं वाटलं नाही. उलट वाटलं की ह्या वेळी वाचलो.

आणि मग ते पाच महिने. बाहेरनं बघणाऱ्याला मी आळशी झाले असं वाटलं असेल, पण त्या पाच महिन्यांत मी जेवढी मोडी वाचली तेवढी आधी कधी वाचली नव्हती. रोज पहाटे उठून छापील पुस्तकातला एक कागद. नुसतं कॅमेऱ्यापुढं बसायचं नाव नको. मी स्वतःला सांगायचे की आधी अजून एक वर्ष अभ्यास करू, मग दोन वर्षं, मग एखादं रीतसर सर्टिफिकेट घेऊ, मग बोलू. ह्याला अंत नाही हे आता कळतं, तेव्हा ते शहाणपणाचं वाटायचं. रात्री यूट्यूब स्टुडिओ उघडून बघत बसायचे, व्ह्यूज कमी झाले की वाईट वाटायचं आणि वाढले की अजून वाईट, की चला, अजून इतक्या लोकांनी बघितलं.

माझी भाची मानसशास्त्र शिकते. ती म्हणाली मावशी ह्याला इम्पोस्टर म्हणतात, १९७८ साली पॉलिन क्लॅन्स आणि सुझॅन आइम्स नावाच्या दोघींनी ह्याच्यावर निबंध लिहिला होता, चांगलं काम करणाऱ्या बायकांनाच वाटत राहतं की आपण फसवतोय, आपल्याला काही येत नाही. मला बरं वाटलं ऐकून, की ह्याला नाव आहे. दोन-चार दिवस मी स्वतःला तेच सांगत होते, की तुला येतं, तुला नुसतं वाटतंय की येत नाही. पण ते टिकलं नाही. कारण माझी गोष्ट पूर्ण तशी नव्हती. मी खरंच चुकले होते. साडेसातचे सात केले होते. त्याला 'तुला नुसतं वाटतंय' म्हणून कसं चालेल? ज्यांची शंका नुसती मनाची आहे त्यांना तो निबंध उपयोगी पडत असेल, पण माझ्या शंकेत एक खरा भाग होता आणि एक उगाचचा, आणि मला ते दोन वेगळे करता येत नव्हते.

जुलैत, पावसाचे दिवस, दुपारी दुकानात एक आजोबा आले, बरोबर कॉलेजातला नातू. आजोबांच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत पिशवी, तिच्यात कापडात गुंडाळलेला एक कागद. नातवाला माझा चॅनेल माहिती होता. मी म्हणलं की आता मी बंद केलंय ते. आजोबा म्हणाले, "बंद आसू दे बाई, कागद तर बघ. कोरेगावच्या म्होरनं आलोय." पावसात तेवढ्या लांबनं आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं. स्टुलावर बसवलं, चहा सांगितला, कागद काचेवर ठेवला.

वतनाचा कागद होता, पुसट. मी वाचायला लागले, मोठ्यानं, आणि तिथं एडिटिंग नव्हतं, आजोबा समोर बसलेले. जिथं अडले तिथं अडले. मौजे अमुक, बरं, पुढं एक नाव, 'बिन', म्हणजे ह्याचा मुलगा, आणि पुढं बापाचं नाव. तिथं नेमकी घडी पडून पहिलं अक्षर गेलेलं. मी म्हणलं, "बाबा, हे इथलं मला लागत नाही. पहिलं अक्षर फाटलंय. पुढं 'टवाजी' दिसतंय, पण आधी काय आहे ते मी सांगू शकत नाही." हे मी एखाद्या माणसाच्या तोंडावर पहिल्यांदाच बोलत होते. मला वाटलं आता हे उठून जाणार.

आजोबा पुढं वाकले. "सटवाजी," म्हणाले. मी म्हणलं तुम्हाला कसं माहिती. तर म्हणाले, "हेळवी येतो न्हवं आमच्यात, वंशावळ सांगायला. पयलं नाव त्योच घेतो. सटवाजी. टाक हाय त्येचा देव्हाऱ्यात." आणि त्यांनी स्वतःचं बोट त्या फाटलेल्या जागेवर ठेवलं. नखाएवढी जागा. मी भिंग घेऊन बघितलं तर घडीच्या अलीकडे 'स'चा एक शेंडा उरला होता, आधी मला तो डाग वाटला होता. नातू बघतच राहिला. आजोबांच्या डोळ्याला पाणी आलं, त्यांनी पदरासारखं उपरणं लावलं डोळ्याला, म्हणाले, "लिव्हलेलं आज बघितलं."

त्या रात्री मला झोप लागली नाही, पण ह्या वेळी कारण वेगळं होतं. मी विचार करत होते की मला सगळं आलं असतं, मी त्या नावावरनं सरळ अंदाजानं पुढं गेले असते, तर ते आजोबा बोलले असते का? नसते बोलले. ताईंना येतंय म्हणून गप्प बसले असते. मी 'लागत नाही' म्हणाले म्हणून त्यांच्याकडं जे होतं ते बाहेर आलं, आणि ते माझ्याकडं कधीच आलं नसतं, कुठल्याही वर्गात नाही आणि कुठल्याही पुस्तकात नाही.

दुसऱ्या दिवशी मला एकदम आठवलं की फेब्रुवारीतला व्हिडिओ मी डिलीट केला पण मूळ रेकॉर्डिंग जुन्या फोनमधे असणार. फोन कपाटात होता, चार्ज करून काढला. सत्तावीस मिनिटांची क्लिप. बघायला बसले, हात गार पडले होते. एकोणिसाव्या मिनिटाला माझा हात 'बिघे सात' वर येतो. आणि थांबतो. तर्जनी त्या दोन रेघांवर येऊन थांबते, किंचित मागं जाते, परत येते. चार सेकंद. मग माझा आवाज, "हं... इथं वाक्य संपलं." आणि पुढं जाते.

मी ते सात-आठ वेळा बघितलं. म्हणजे त्या वेळी मला शंका आली होती. बोटाला आली होती, डोळ्याला आली होती. आणि मी ती कापून टाकली, आधी मनातनं आणि मग अॅपमधनं. जी शंका खरी होती, कामाची होती, जी मला वाचवू शकली असती, ती मी चार सेकंदाची रिकामी जागा म्हणून कापली, आणि 'मी कोण लागून गेले' ही जी दुसरी, ती मात्र रात्रंदिवस जपत बसले. इतके दिवस मला दोन्ही एकच वाटत होत्या. एक शंका अक्षराबद्दल असते, ती कागदावर बोट ठेवून दाखवता येते, तिला उत्तर असतं, आज नाही तर उद्या मिळतं. दुसरी माझ्याबद्दल असते आणि तिला बोट ठेवायला जागाच नसते. सरांनी पहिल्या दिवशी सांगितलेलं कंसातलं प्रश्नचिन्ह पहिलीसाठी होतं.

त्याच रविवारी बटण दाबलं. पोटात गोळा आलाच, तो अजूनही येतो, पण हात पुढं गेला. व्हिडिओ केला साडेसातवर. त्यात ती मूळ चार सेकंदाची क्लिप तशीच लावली, सांगितलं की इथं माझं बोट थांबलंय बघा, इथं मी विचारायला पाहिजे होतं, मी विचारलं नाही, चूक झाली. मग पाव, अर्धा, पाऊण ह्या रेघा नीट दाखवल्या, आकड्यापुढं आणि पोथीतल्या दंडाशेजारी ठेवून, म्हणजे माझ्यासारखी चूक दुसऱ्या कोणाची होऊ नये. पाच महिने ज्या कमेंटनं मला झोपू दिलं नाही ती व्हिडिओत सगळ्यात आधी वाचून दाखवली, शेवटच्या ओळीसकट. त्या गृहस्थांचं नाव घेतलं नाही कारण ते खऱ्या नावानं लिहीत नव्हते, पण आभार मानले, मनापासून. त्यांचं पुढं काही उत्तर आलं नाही. अजूनही मला माहिती नाही ते कोण आहेत. शेवटचं वाक्य त्यांनी जरा मऊ लिहिलं असतं तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं, पण बरोबर होते ते.

आजोबांच्या कागदाचा व्हिडिओ त्यांच्या परवानगीनं नंतर केला, गाव आणि आडनाव झाकून. तो अकरा मिनिटांचा आहे आणि त्यातली जवळजवळ तीन मिनिटं मी एकाच शब्दावर आहे. आधीची मी असते तर पहिलं ते कापलं असतं. आठवड्यानं स्टुडिओत आलेख बघितला. नेहमी तो आलेख पहिल्या अर्ध्या मिनिटात धाडकन खाली येतो आणि मग हळूहळू घसरत जातो, सगळ्यांचाच तसा असतो. ह्या वेळी बरोबर त्या अडलेल्या तीन मिनिटांवर उंचवटा होता. लोक तिथं मागं जाऊन परत बघत होते, स्वतः वाचायचा प्रयत्न करत होते. खाली कमेंटमधे पन्नास-साठ जणांनी आपापलं वाचन लिहिलं होतं, उत्तर बघायच्या आधी. तंजावरहून एका मराठी काकांनी लिहिलं होतं की त्यांच्या घरात पण मोडी कागद आहेत आणि त्यातले कुठले शब्द त्यांना लागत नाहीत. माझ्या सहज वाचण्याच्या व्हिडिओंवर असं कधी झालं नव्हतं, तिथं नुसतं 'छान ताई' असायचं.

आता मी वाचताना बोलते, 'इथं खात्री आहे', 'इथं अंदाज आहे', 'इथं लागत नाही'. ह्या तीनच गोष्टी. अंदाज असेल तर कशावरनं ते सांगायचं. जमिनीचा, वारसाचा, जातीच्या नोंदीचा कागद असेल तर व्हिडिओच्या आधी सरांना किंवा वर्गातल्या एका मैत्रिणीला पाठवायचा, दोघांचं वेगवेगळं वाचून झाल्यावर मग ताडून बघायचं. रात्रीचे फोन मी बंद केले, हे पण लिहिते कारण ते जमायला मला फार जड गेलं. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवून हो का नाही विचारणाऱ्याला मी आता सांगते की फोटोवरनं मी हो-नाही सांगत नाही, मूळ कागद घेऊन अधिकृत वाचकाकडं जा, वाटेत दुकानात थांबलात तर चहा पाजीन आणि कसं वाचायचं ते शिकवीन. काही लोक रागावतात. रागावू देत, त्यांच्या घरासाठीच चाललंय ते.

'ण'चं म्हणाल तर मी ते सोडून दिलं. आजोबा 'पयलं' म्हणाले होते, 'लिव्हलेलं' म्हणाले होते, आणि तो कागद त्यांच्याच घरातला होता.

शंका गेली का असं मैत्रिणी विचारतात. दुसरी पूर्ण गेली नाही. एखाद्या मोठ्या अभ्यासकांनी चॅनेल बघितला असं कळलं की अजूनही दोन दिवस जीव थाऱ्यावर नसतो, कोणी कौतुक केलं तर अजूनही पटकन विषय बदलते. पण ती आली की मी तिला विचारते, कुठला शब्द? कुठल्या ओळीत? तिला सांगता आलं तर वहीत लिहून घेते आणि कामाला लागते. नाही सांगता आलं तर लाइट लावते आणि बटण दाबते.

त्या वहीचं नाव 'न लागलेले' असं आहे, दोनशे पानी, दुकानात काउंटरवरच असते. डावीकडं शब्दाचं चित्र, जसं दिसतं तसं काढलेलं, मधे माझा अंदाज, उजवीकडं रिकामी जागा. आत्ता त्रेचाळीस आहेत. सतरा लागले, त्यातले अकरा बघणाऱ्यांनी लावून दिलेत, कोणी शेताच्या नावावरनं, कोणी आडनावावरनं, एकीनं तर जात्यावरच्या ओवीत तो शब्द आजीच्या तोंडून ऐकला होता. सध्या एका पत्रातला शब्द अडलाय, तिसऱ्या ओळीत, 'राजश्री'च्या नंतर, मला कधी 'पंत' दिसतं कधी नाही. मैत्रिणीला वेगळंच दिसतंय. रविवारी दुकान बंद असतं, तेव्हा रेकॉर्ड करणार आहे.